चालते-फिरते असाल तर या

निवृत्तांसाठी वसाहती बांधण्याचा धंदा महाराष्ट्रात आता चांगला बाळसं धरून आहे. पुण्यात परांजपे स्कीम्सची ‘अथश्री’ आहे, नेरळला डिग्निटी फाउंडेशनची वसाहत आहे, आणि रविवारच्या पुरवण्यांत दर आठवड्याला नव्यांची भर पडते आहे. या जाहिरातींतले आजी-आजोबा बॅडमिंटन खेळतात, गच्चीवर योगासनं करतात आणि दिवसभर हसतात. काठी कुणाच्याच हातात नसते. आजोबांना कमोडवरून उठवणारा माणूसही चित्रात नसतो, कारण अशा वसाहतींची पहिली अट बहुतेक हीच असते : येणाऱ्याला स्वतःचं स्वतः करता आलं पाहिजे. चालते-फिरते असाल तर या. पुढचं पुढे.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या राजापूर तालुक्याला असल्या जाहिराती वाचायची गरज नाही. ही योजना इथे वाडीवाडीत राबवून झाली आहे. बिल्डर नाही, अनामत रक्कम नाही, अर्ज नाही. दहा घरांपैकी सहांना कुलूप, उरलेल्या चारांत एकेक म्हातारी नाहीतर म्हातारा-म्हातारी. स्वतःची पेज स्वतः शिजवतात, स्वतःचं पाणी स्वतः भरतात. याहून स्वावलंबी वसाहत कुठल्या माहितीपत्रकात दाखवा. फक्त ती निवडायला कुणी आलं नव्हतं. बाकीचे निघून गेले आणि जे उरले त्यांची वसाहत झाली. २००१ ते २०११ या दहा वर्षांत महाराष्ट्राची लोकसंख्या सोळा टक्क्यांनी वाढली. रत्नागिरी जिल्ह्याची जवळजवळ १७ लाखांवरून सव्वासोळा लाखांच्याही खाली आली. मुंबईची गाडी पकडणाऱ्यांत ऐंशीचे आजोबा नव्हते, हे सांगायला जनगणना लागत नाही.

आता सोयीसुविधांकडे वळू.

निसर्गसान्निध्य : भरपूर. वानर कौलांवर, बिबट्या गडग्यापलीकडे.

चोवीस तास सुरक्षा : पलीकडच्या घरातली वहिनी. वय ऐंशी. ऐकू जरा कमी येतं.

दळणवळण : पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना ऑगस्ट २०२२पासून एसटी फुकट आहे. स्टँडवर पोचायचं तेवढं आपलं आपण. रेल्वेही आहे. स्टेशनचं नाव राजापूर रोड, आणि त्यातला रोड शहरापर्यंत पंधरा-वीस किलोमीटर चालतो. रेल्वेत ज्येष्ठांना तिकिटाची सवलत होती, ती मार्च २०२०मध्ये बंद झाली ती झालीच.

बांधकाम : महारेराने २०२४मध्ये ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांसाठी नियम घालून दिले. दरवाजे किमान ९०० मिलिमीटर रुंद हवेत, जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडा हवा, एका टप्प्यात बारापेक्षा जास्त पायऱ्या नकोत, न्हाणीघरात धरायला दांडे हवेत, फरशी न घसरणारी हवी. आमच्याकडे माजघराचं दार असं की उंबरठ्याला अंगठा आणि चौकटीला कपाळ एकाच वेळी आपटतं. घरापासून रस्त्यापर्यंतच्या पाखाडीला बारा पायऱ्यांनंतर दम खायची मुभा असते, बाकीच्या पायऱ्या समोर दिसतच असतात. कठडा एका बाजूलाही नाही. पावसाळ्यात तिच्यावर शेवाळ धरतं, ते वेगळं.

वैद्यकीय मदत : राजापुरात ग्रामीण रुग्णालय आहे. त्याच्यापलीकडचं दुखणं निघालं तर रत्नागिरी, नाहीतर अणुस्कुरा घाटाने कोल्हापूर. १०८ची रुग्णवाहिका रस्त्यापर्यंत येते. रस्त्यापर्यंत माणसाने यायचं, खुर्चीत बसून. ती खुर्ची उचलायला चार माणसं लागतात. खांदा द्यायला चार लागतात हे सगळ्यांच्या लक्षात असतं. जिवंतपणी उचलायलाही तेवढेच लागतात, याचा हिशेब कुणी मांडत नाही. पन्नाशीच्या आतले चार एकदम मिळायचे तर दुखण्याने गणपती किंवा शिमगा गाठून यावं.

ही झाली न निवडलेली वसाहत. निवडणाऱ्यांची तऱ्हा आणखी न्यारी.

चाकरमानी अठ्ठावन्नाव्या वर्षी ठरवतो, आता गावी जाऊन राहू. डोंबिवलीची खोली विकतो आणि बंगला बांधतो. बंगला दुमजली, कारण चुलतभावाचा दुमजली. निजायची खोली वर, कारण वरून खाडी दिसते. फरशी आरशासारखी गुळगुळीत, तिच्यावर पाय घसरला की आपण पडताना स्वतःला स्पष्ट दिसतो. सातबाऱ्यावर अजून आजोबांच्या चार भावांचे वारस नांदतायत, पण तुळशीवृंदावनाला ग्रॅनाइट लागलं. जागा निवडताना डॉक्टर किती लांब हे मोजलं नाही. आंबा किती लांब, ते मोजलं.

शांततेसाठी बाहेरून येऊन जमीन घेणारे त्याहून धाडसी. या तालुक्यात शांतता विकत घेण्याआधी शासनाचं राजपत्र चाळावं. जैतापूरला सहा अणुभट्ट्यांची योजना आहे. नाणारला रिफायनरी यायची होती, २०१९मध्ये ती रद्द झाली. मग बारसूचं नाव निघालं आणि एप्रिल २०२३मध्ये तिथल्या सड्यावर माती परीक्षणापेक्षा पोलीस जास्त दिसले. चहा घेत सूर्यास्त बघायला घेतलेल्या तुकड्यावरून उद्या कुठली पाइपलाइन जाईल, हे दलालाच्या नकाशात नसतं. त्यापेक्षा राजापूर शहरात राहू, डॉक्टर आणि बाजार जवळ, असं म्हणाल तर तेही शहाणपणाचंच. फक्त घर वरच्या अंगाला घ्या. अर्जुना आणि कोदवली या नद्या पावसाळ्यात बाजारपेठेत येतात आणि जवाहर चौकात थांबतात.

मुलांचं काय, असं विचाराल. राजापूरची गंगा, म्हणजे मधूनच फुटणारा झरा, साधारण तीन वर्षांनी येते अशी तिची ख्याती. हल्ली तिचंही वेळापत्रक बिघडलंय, आणि मुलं तिच्याच वळणावर गेली आहेत. गंगा आली की लोक दर्शनाला धावतात. मुलगा आला की तो रेंज शोधत सड्यावर जातो. त्याला दोष देऊन उपयोग नाही. त्याला इथे पोटापाण्याचं काही मिळालं असतं तर तो गेला नसता, आणि त्याला धाडताना आपणच डब्यात लाडू भरून दिले होते.

कायदा आहे. २००७चा. आईवडिलांना न सांभाळणाऱ्या मुलांविरुद्ध प्रांतांकडे दाद मागता येते, निर्वाहभत्ता महिन्याला जास्तीत जास्त १०,००० रुपये. रोज तीनशे तेहतीस. एवढ्यात माणूस ठेवून दाखवणाऱ्याचा सत्कार करावा. याच कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात निदान दीडशे निराधार ज्येष्ठांसाठी एक वृद्धाश्रम, असंही लिहिलं आहे; पण सरकारने तो काढावाच असं नाही, काढता येईल असं लिहिलं आहे. एक कलम मात्र कामाचं : सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, सांभाळ झाला नाही तर परत मागता येते. तेव्हा बक्षीसपत्र करताना ती अट कागदावर उतरवा. प्रेमापोटी कोरी सही करणाऱ्याला पुढे प्रेमाचा पुरावा मागतात.

आता वसाहत निवडायचीच असेल, पुण्यात असो की राजापुरात, तर बॅडमिंटनचं मैदान बघू नका. चार प्रश्न विचारा. मला उठता येईना झालं की तुम्ही मला ठेवणार की मुलाला फोन करणार? दरमहाचा खर्च वर्षाला किती वाढतो आणि तो कोण ठरवतं? घर माझ्या नावावर, की मरेपर्यंत राहण्यापुरतं, आणि मागे राहिलेल्या जोडीदाराचं काय? रात्री दोन वाजता घंटा वाजवली तर कोण येतं, आणि त्याचं वय काय? उत्तर देताना समोरचा माहितीपत्रकाचं पान उलटू लागला तर चहा पिऊन उठा.

शेवटचा प्रश्न तर वाडीलाही लागू आहे, आणि तिथे त्याचं उत्तर पुण्यापेक्षा स्वस्तात मिळू शकतं. जवळपास प्रत्येक गावाचं मुंबईत मंडळ असतं. त्याच्याकडे पैसे नाहीत म्हणणं खोटं आहे. देवळाचा जीर्णोद्धार झाला, सभामंडपाला टाईल लागल्या, कमान उभी राहिली, कमानीवर देणगीदारांची नावं कोरली. त्याच कमानीखालून जाणाऱ्या पाखाडीला कठडा मात्र नाही, आणि तिच्यावरून देवळात जाणाऱ्या म्हाताऱ्यांची संख्या दर पावसाळ्यात घटते. देवाला टाईलची घाई नव्हती.

मुलगा हाकेच्या अंतरावर नसला तरी चालतं. हाकेच्या अंतरावर कुणीतरी असलं पाहिजे. गावातल्याच एखाद्या सुनेला नर्सिंगचं शिकवून पगारावर ठेवा, रोज दहा घरांत डोकावायला आणि रक्तदाब बघायला. एका रिक्षावाल्याला महिन्याचे पैसे बांधून द्या, रात्री-अपरात्री उठायचे. कुलपं लावलेल्या सहा घरांनी वर्गणी काढली, तर उघड्या चार घरांचं भागेल. आणि पुढे-मागे ती कुलपं उघडून राहायला येणार आहात तुम्हीच, तेव्हा हा धर्मादाय नव्हे, स्वतःच्याच खोलीचं आगाऊ आरक्षण आहे.

यंदा गणपतीत मंडळाची सभा भरेल. कमानीच्या रंगाचा विषय निघायच्या आत कठड्याचा ठराव मांडा. अनुमोदक मिळेल, मागच्या रांगेत काठी टेकून बसलेला असतो.