'किंवा' या शब्दाऐवजी 'आणि'

कायदा आता सोप्या मराठीत वाचायला मिळतो असं कोणीतरी सांगितल्यापासून आमचे शेजारी बापू खुशीत होते. गावाकडे घर बांधायचंय, बिनशेतीचं काय ते स्वतःच वाचू, म्हणून त्यांनी राजपत्राचा असाधारण भाग चार छापून आणला.

मराठी खरोखरच सोपी निघाली. उक्त संहितेच्या अमुक कलमातील, तमुक पोट-कलमातील 'किंवा' या शब्दाऐवजी 'आणि' हा शब्द दाखल करण्यात येईल. बापूंना 'किंवा' कळतो. 'आणि'ही कळतो. त्यांच्या मागेपुढे काय आहे, तेवढंच राजपत्रात नाही. वर तारखा मात्र दोन-दोन, एक इंग्रजी, एक शके. कलम एकही पूर्ण नाही.

उक्त संहिता म्हणजे जमीन महसुलाची, १९६६ची. बापूंकडची प्रत वडिलांच्या वेळची, तिच्यात नुसतं कलम ४२. मधल्या काळात त्याला ४२-अ, ४२-ब, ४२-क, ४२-ड अशी चार अपत्यं झाली. बारशाचं बोलावणं या प्रतीला आलंच नाही.

बापू हट्टी. जुना शब्द कात्रीनं कापायचा, राजपत्रातला नवा तिथं खळीनं डकवायचा, असा उद्योग त्यांनी मांडला आणि मग ती भाषाच त्यांच्या अंगात शिरली. वाण्याला निरोप गेला, 'सकाळच्या यादीतील बाब ३ मधील "पाव" या शब्दाऐवजी "अर्धा" हा शब्द दाखल करण्यात येईल.' पुतण्याच्या लग्नाची वेळ बदलली तेव्हा पाहुण्यांना कळवण्याचं काम नेमकं बापूंकडे होतं. त्यांनी साऱ्या गोतावळ्याला एकच ओळ धाडली, 'मूळ पत्रिकेतील "सायंकाळी" हा शब्द वगळण्यात येईल.' निम्मे लोक पहाटे येऊन कार्यालयाच्या पायरीवर बसले, निम्मे संध्याकाळी आले, आणि ज्यांची पत्रिका रद्दीत गेली होती ते आलेच नाहीत. बापूंना विचारलं तर म्हणाले, मूळ पत्रिकेशी मिळवून वाचायला नको?

हसून झालं. आता सांगा, कायदा माहीत नव्हता ही सबब कोर्टात चालत नाही ना? मग तो माहीत व्हायला एका जागी, सलग, आजच्या तारखेचा नको? ज्या कॉम्प्युटरवर 'दाखल करण्यात येईल' टंकलं, त्याच्यावरच सुधारलेलं आख्खं कलम टंकायला बोटं झिजतात? बापूंना 'अमुक दिनांकापर्यंत सुधारित' अशी प्रत मिळाली, तोवर तो दिनांक उलटून दोन पावसाळे झाले होते. अद्ययावत हवं तर दुकानातून जाडजूड पुस्तक घ्या. म्हणजे आपल्याच पैशानं झालेला कायदा वाचायला आपणच पुन्हा पैसे मोजायचे! आणि वर म्हणायचं, लोकांना मराठी जड जाते. मराठीला कशाला बदनाम करता?

काल संध्याकाळी गेलो तर बापू चटई उलटी करून काहीतरी शोधत होते. पंख्याच्या वाऱ्यानं 'आणि' उडाला होता. मीही गुडघ्यांवर बसलो. अर्ध्या तासानं कपाटाखालून एक चिठोरा हाती लागला.

'किंवा' निघाला.