बरणीला हात लावू नये

औंढा नागनाथजवळ दुधाळ्याच्या माळावर 'लायगो' ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा उभारायला केंद्र सरकारने एप्रिल 2023 मध्ये 2,600 कोटी रुपये मंजूर केले. काटकोनात दोन भुजा, प्रत्येकी चार किलोमीटर. त्यांच्या लांबीत प्रोटॉनच्या रुंदीच्या दहा हजाराव्या भागाइतका फरक पडला तरी तो कळणार म्हणे. जागा निवडताना इथली जमीन शांत आहे, हे मुद्दाम पाहिलं होतं. निवडणाऱ्यांपैकी कुणी हिंगोलीत आमच्या घरी चहाला आलं नव्हतं, हे उघड आहे.

कारण आमच्याकडे काचेची एक बरणी दोन दिवससुद्धा एका जागी राहिली नाही.

लेक सातवीत होती. तिने प्रकल्पासाठी 'स्फटिक' निवडला. मोरचूदाचा निळाशार खडा तिला फार आवडला होता, शेतावर बोर्डो मिश्रणासाठी आणलेलं मोरचूद घरात होतंही. पण "ते विष माझ्या ओट्यावर आलं तर स्वयंपाक तुम्हीच करायचा" असं बायकोने सांगितल्यावर आम्ही तुरटीवर आलो. किराणावाल्याकडे पावशेर मागितली, तर तो काळजीने म्हणाला, "कुणाला दृष्ट लागली का?"

कृती सोपी. गरम पाण्यात मावेल तेवढी तुरटी विरघळवायची, गाळायची, निवू द्यायची. गरम पाणी तुरटी भरपूर पोटात घेतं. गार झालं की तेवढी त्याला पेलवत नाही, आणि जास्तीची तळाशी खडे होऊन बसते. त्यातला एक देखणा कण दोऱ्याला बांधून पुन्हा तसल्याच पाण्यात लोंबता सोडायचा. तो आठ पैलू धरत वाढतो. अट एकच, हलवायचं नाही. हललं की एका मोठ्या खड्याऐवजी शंभर बारके होतात.

पहिल्या दिवशी बरणी ओट्यावर होती. ती भाकरीच्या आड आली. मग फ्रिजवर गेली. फ्रिज सुरू होताना आमच्याकडे भिंतीवरचं कॅलेंडरही हलतं. तिथून कपाटावर. मार्चचं ऊन पत्र्यावर चढलं, की बरणीतलं पाणी तापायचं आणि वाढलेला खडा पुन्हा विरघळायला लागायचा. सकाळी हरभऱ्याएवढा, दुपारी तुरीएवढा. दोन्हींचा भाव मोंढ्यातही असाच खालीवर होतो, म्हणून मला नवल वाटलं नाही.

21 मार्च 2024 ला सकाळी सहाच्या सुमारास 4.5 तीव्रतेचा भूकंप झाला. बरणी डचमळली. तेवढा एकच धक्का घरच्यांनी दिलेला नव्हता.

आई हे सगळं बाजेवरून बघत होती. "एवढ्याला विज्ञान म्हणता व्हय रे? मग मी संक्रांतीला काय करते?" म्हणाली. खरंच होतं. परातीत तीळ, खाली मंद आच, वरून चमच्याने थेंब-थेंब पाक, आणि बोटं सतत फिरती. पाक एकदम घातला तर तिळांचा गोळा होतो. तीन-चार दिवसांनी दाण्यावर पांढरा काटा उभा राहतो, तोही थंडी असेल तरच. साखरेचा स्फटिकच तो, फक्त त्याची अट उलटी. थांबला हात, की संपलं. म्हणून तर त्याला हलवा म्हणत असावेत. (व्युत्पत्ती माझी आहे, भाषातज्ज्ञांनी रागवू नये.) "उन्हाळ्यात काटा येत नसतो बाबा," असं सांगून तिने बरणी माठाशेजारी, ओल्या फडक्यात ठेवायला लावली.

आणि खडा वाढला. सुपारीएवढा झाला. कडा अशा धारदार, की लेक तो उजेडात धरून पैलू मोजायची आणि आठवा सापडला की ओरडायची. प्रकल्प शाळेत द्यायच्या आदल्या रात्री तिने तो पुसून बेसिनजवळच्या फळीवर वाळत ठेवला.

त्याच रात्री सेनगावहून मेहुणा मुक्कामी आला. सकाळी गुळगुळीत दाढी करून चहाला बसला आणि गालावरून हात फिरवत म्हणाला, "दाजी, तुरटी एक नंबर आहे तुमची. आमच्याकडं असली भेटत नाही."

भाऊ तिचा असल्यामुळे बायको काही बोलली नाही. लेकीने मात्र वहीत निरीक्षण नोंदवलं: 'स्फटिकाला आठ बाजू असतात. या स्फटिकाच्या दोन बाजू मामाने वापरल्या आहेत.'