लाडूचं सोवळं

आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे नाग, धामण, अजगर घरात पाळता येत नाहीत, म्हणून साप पाळताना घ्यायची काळजी हा विषय आपल्यापर्यंत पोचतो तो बहुधा परदेशातल्या नातवंडांकडून. माझ्या ताईपर्यंत तो न्यू जर्सीत पोचला. नातीनं बॉल पायथन पाळला होता. आफ्रिकेतला हा बुटका अजगर, बिनविषारी, आणि इतका भित्रा, की जरा खुट्ट झालं की डोकं मधोमध दडवून अंगाचा गोळा करून बसतो. म्हणून नाव लाडू. ताईला सापाचं वावडं नव्हतंच. नागपंचमीला पाटावर गंधानं नाग काढायचा, दूध-लाह्या दाखवायच्या, त्या दिवशी विळीला हात लावायचा नाही, हे तिनं जन्मभर केलं. फक्त तो कधी पाटावरून उठून आला नव्हता.

फ्रिजवर नियमांचा कागद होता. तो वाचताना ताईचा चेहरा उजळत गेला, असं भाचा सांगतो. लाडूला शिवण्याआधी हात धुवायचे, शिवल्यावर साबणानं पुन्हा धुवायचे. कारण सापाच्या अंगावर साल्मोनेलाचे जंतू असू शकतात, त्यांचं त्याला काही वाटत नाही, आपलं पोट मात्र बिघडतं. त्याचं पाण्याचं भांडं स्वयंपाकघरात विसळायचं नाही. चिमटा वेगळा. पाच वर्षांखालच्या मुलांनी शिवायचंच नाही. अहो, हे तर सोवळं! तिच्या शब्दाखातर जे घरात कुणी कधी पाळलं नाही, ते एका अजगरापायी सगळे निमूट पाळत होते. पुरणाच्या डब्याशेजारी गोठवलेले उंदीर पाहिल्यावर मात्र तिनं कागदात एका कलमाची भर घातली, आणि गॅरेजमध्ये छोटा फ्रीझर आला.

त्या कागदाचा फोटो मी पुनःपुन्हा वाचला. निम्म्यावर गेलं की त्याचा रोख हळूच फिरतो. झाकणाला कडी हवी, कारण बोटभर फटीतूनही स्वारी निसटते. पण बाहेर गेल्यावर थंडीनं गारठते ती तीच. खालच्या गरम पट्टीला थर्मोस्टॅट हवा, नाहीतर पोट भाजतं, त्याचं. उंदीर जिवंत सोडायचा नाही, तो सापाला चावतो. जेवणानंतर दोन दिवस उचलायचं नाही, नाहीतर खाल्लेलं उलटून पडतं. कात टाकण्याआधी डोळ्यांवर निळसर दुधी साय येते, नीट दिसत नाही, तेव्हा एकटं राहू द्यायचं. हाताला उंदराचा वास असेल तर तो बोटाला खाऊ समजेल, हे एक कलम तेवढं आपल्या बाजूचं. आणि तिथंही चूक आपल्या बोटाचीच. पिढ्यान्‌पिढ्या ज्याच्या भीतीनं आपण अंधारात पाय आपटत चाललो, त्याची तब्येत ही एखाद्या जुन्या तंबोऱ्यासारखी: हवा जरा बदलली की बिघडली.

हिवाळ्यात लाडूनं खाणं सोडलं. बॉल पायथन महिनोन्‌महिने उपाशी राहतात आणि वजन टिकून असेल तर घाबरायचं नसतं, हे भाच्यानं समजावलं. ताई दर रविवारी स्वयंपाकघरातल्या काट्यावर त्याचं वजन करून तो साबणानं धुऊन पुसून गॅरेजमध्ये ठेवू लागली. तो काटा पुन्हा स्वयंपाकघरात येणार नाही, हे तिला कुणी सांगावं लागलं नाही. मग एकदा तिला कळलं, की हे जनावर वीस-तीस वर्षं जगतं.

‘‘पोरगी कॉलेजला गेली, की याचं कोण करणार?’’

‘‘तेव्हा बघू गं, आई.’’

‘‘बघू काय? पुण्यात आणायचा तर कागदपत्रं काय लागतात, ते आत्ताच विचारून ठेव.’’