चतुरवाले सर

तेलगावच्या चौकातून परळी, माजलगाव, धारूर आणि बीडकडे वाटा फुटतात. मे महिन्यात भरदुपारी यातल्या एकाही वाटेला न लागता शहाणा माणूस रसवंतीच्या सावलीत बसून राहतो. गळ्यात कॅमेरा, डोक्याला टॉवेल गुंडाळून जे उन्हात चतुर आणि टाचण्या या उडत्या किड्यांचे फोटो काढायला निघतात ते चतुरवाले सर. अशी एखादी वल्ली आता बऱ्याच गावांत सापडते. पेशाने बहुधा शिक्षक, कारण उन्हाळ्याची सुट्टी त्यांनाच असते.

सर शेततळ्याच्या काठाला पालथे पडले की माणसं जमतात. "साहेब, पंचनामे सुरू झाले का?" "आमच्याबी तळ्याचा फोटो घ्या की, अनुदान लटकलंय." सर दबक्या आवाजात म्हणतात, "हलू नका, उडेल." कुणी हलत नाही. अनुदानच उडेल, असं त्यांना वाटतं.

पंख पसरून बसतो तो चतुर, बहुतेक वेळा पाठीवर मिटून बसते ती टाचणी, एवढं पोरांनाही कळतं. सरांचं तेवढ्यावर भागत नाही. टाचणीची जात पक्की करायची तर बरेचदा नराच्या शेपटीच्या टोकाचे चिमटे पाहावे लागतात, म्हणून सरांच्या संग्रहात तोंडं कमी आणि शेपट्या फार. 'क्रिमसन मार्श ग्लायडर' हा चतुर ऊन चढलं की शेपटी थेट सूर्याकडे रोखतो, अंगावर कमीत कमी ऊन यावं म्हणून. त्याचा फोटो काढणाऱ्या सरांची अख्खी पाठ मात्र उन्हात. दोघांत अक्कल कुणाला जास्त, याबद्दल घरात बाईंचं मत ठरलेलं आहे. माझंही.

लग्नसराईत कुणीतरी भरवशाने सांगतं, "सर, कॅमेरा आणा बरं का." सर आणतात. अक्षता पडत असताना ते कार्यालयामागच्या सिमेंटच्या हौदापाशी असतात. भिंतीच्या रंगात मिसळून जाणारा 'ग्रॅनाइट घोस्ट' अशाच ठिकाणी बसतो, त्याची पिल्लं अशा हौदातही वाढतात. पुढे नवरीचे मामा फोटो बघायला येतात.

"सर, ह्यात नवरदेव कुठंय?"

"नवरदेव नाही, चतुर बघा."

मामांना तोही दिसत नाही.

फ्रेझर नावाच्या लष्करी डॉक्टरने 1933 ते 1936 या काळात ब्रिटिश भारतातल्या चतुर-टाचण्यांवर तीन खंड काढले. त्याचं नाव निघालं की सर डोक्यावरचा टॉवेल उतरवतात. बाकी कुणासाठी उतरवलेला पाहिला नाही.

गाव त्यांना हसतं, पण जपूनच. चतुरांची पिल्लं पाण्यात वाढतात, तेव्हा चतुर शोधणाऱ्याला आधी पाणी शोधावं लागतं. कोणती विहीर तळाला गेली, कुठल्या ओढ्यात अजून डबकं टिकून आहे, हे टँकरवाल्याच्या आधी सरांना ठाऊक असतं. पाणी आटलं की माणसं त्यांनाच विचारतात.

तेव्हा तेलगावाकडे कधी गेलात आणि कुणी गृहस्थ डबक्याकाठी पालथे दिसले, तर 108 ला फोन लावू नका. पाण्यावर सावली न पाडता मागून निघा, आणि पंचनाम्याचं तेवढं विचारू नका.