कुरकुऱ्यांची परीक्षा कशी घ्यावी

परीक्षकाने पांढरा सदरा घालून परीक्षेला बसू नये. उपाशीपोटी बसू नये. भूक लागलेला माणूस न्याय करत नाही, नुसता संपवतो.

टपरीवर टांगलेल्या माळेतला उन्हाकडचा पुडा कितीही फुगलेला दिसला तरी टाळावा. उन्हात तेलाला खवट वास लवकर येतो. पुड्यात माल कमी आणि हवाच फार, ही तक्रार परीक्षेच्या कक्षेबाहेरची आहे. तो नायट्रोजन असतो. तेल टिकावं आणि प्रवासात मालाचा भुगा होऊ नये म्हणून भरलेला.

मग पाठीमागची बारीक अक्षरं वाचावीत. 1999 साली आलेल्या कुरकुऱ्यांत तांदूळ, मका आणि हरभरा यांचं आघाडी सरकार आहे; मक्याला पूर्ण बहुमत नाही. 627 आणि 631 हे आकडे दिसले तर घाबरू नये, ते चव वाढवणारे घटक. पुडा संपेपर्यंत हात का थांबत नाही, याचा थोडाफार खुलासा तिथे होतो.

आता एक तुकडा उजेडात धरून मोडावा. आत बारीक पोकळ्या दिसल्या पाहिजेत. दाबाखाली तापलेलं ओलसर भरड पीठ यंत्राच्या भोकातून बाहेर पडतं, तेव्हा त्यातल्या पाण्याची एकदम वाफ होते आणि ते फुगतं. ही करामत 1930च्या दशकात अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये, जनावरांचं खाद्य बनवणाऱ्या यंत्रात अवचित घडली. खाताना हे आठवू नये.

चावावं दाढेनेच. आवाज शेजारच्या खोलीत गेला पाहिजे. ‘काय खातोस रे?’ असा प्रश्न आला की पूर्ण गुण. आधी मीठ, मग आंबट, आणि तिखट सावकाश, घशाशी, असा क्रम हवा. तिखट आधीच आलं तर मसाला काहीतरी झाकतोय. सादळलेला तुकडा सरळ नापास, मग कंपनी कितीही मोठी असो.

एखादे काका काडी ओढून ‘बघ, प्लास्टिक जळतंय’ म्हणतील. त्यांना नम्रपणे सांगावं की पिष्ट आणि तेल पेटणारच. तळलेल्या पापडालाही काडी लावून बघा. काका ऐकणार नाहीत.

बोटं चाटण्याआधी गुण लिहून टाकावेत, नाहीतर कागद केशरी होतो. तळाचा चुरा पुडा उभा फाडून, चिमटीने, इतर परीक्षक बोलण्यात गुंतलेले असताना तपासावा. निकालावर अपील नाही. मुद्देमाल शिल्लक नसतो.