तदर्थ सर

पेडणे तालुक्यातल्या पार्से गावात त्यांना नावाने कोणी हाक मारत नाही. उभी हयात कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या माणसाला खरं तर नुसतं ‘सर’ पुरलं असतं. पण निवृत्तीनंतर ते गोव्यातल्या समस्त संशोधकांच्या एका नियोजित संघटनेचे ‘तदर्थ निमंत्रक’ झाले आणि अजून तदर्थच आहेत. गावाने सोयीसाठी त्यांचं ‘तदर्थ सर’ करून टाकलं. त्यांना यात थट्टा दिसत नाही. लेटरहेडवर त्यांनी स्वतःच तसं छापून घेतलंय.

सरांचा मुद्दा मात्र खोडून काढता येत नाही. दोनापावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था सीएसआयआरची. वास्कोचं ध्रुवीय संशोधन केंद्र पृथ्वी विज्ञान मंत्रालयाचं. जुन्या गोव्याची किनारी कृषी संशोधन संस्था आयसीएआरची. ताळगावचं विद्यापीठ राज्याचं. “दोनापावलाहून जुनं गोवं असं कितीसं लांब?” सर विचारतात. “माणूस तासाभरात पोचतो. कागद मात्र दिल्लीवरून जातो!” म्हणून संचालक, सामंजस्य करार, शाल-श्रीफळ हे सगळं बाजूला ठेवून, प्रत्यक्ष काम करणाऱ्या संशोधकांनीच आपली संघटना बांधावी, असं त्यांचं म्हणणं.

आणि त्यांच्याकडे पुरावा आहे. २००९ साली देशातल्या वेगवेगळ्या संस्थांमधले गुरुत्वीय लहरींचे अभ्यासक एकत्र आले आणि त्यांनी ‘इंडिगो’ नावाचा गट बांधला. २०१६ च्या फेब्रुवारीत लहरी सापडल्याची घोषणा झाली, त्याच महिन्यात केंद्राने या गटाने पुढे रेटलेल्या लायगो-इंडिया वेधशाळेला तत्त्वतः मान्यता दिली. २०२३ मध्ये हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळच्या या वेधशाळेसाठी २,६०० कोटी मंजूर झाले. ही कथा सर पातळभाजी-पावाच्या बशीवर कोणालाही ऐकवतात. एकदा असेच रंगात येऊन म्हणाले, “बघा, इंडिगोने काय करून दाखवलं!” मागच्या बाकावरून लगेच प्रश्न आला, “सर, हैदराबादचें तिकीट कितलें पडता?” ५ जानेवारी २०२३ रोजी मोपा विमानतळावर पहिलं प्रवासी विमान उतरलं ते हैदराबादहून आलेलं इंडिगोचंच. पेडण्यात आता त्या नावाची दुसरी ओळख पटवून देणं ब्रह्मदेवालाही जमायचं नाही.

संघटना म्हटली की घटना आली. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याला किमान सात माणसं लागतात. सरांनी सात जमवली: अध्यक्ष, दोन उपाध्यक्ष, चिटणीस, सहचिटणीस, खजिनदार आणि स्वतः निमंत्रक. सातही पदाधिकारी, सभासद एकही नाही. वर्गणी कोणाकडून घ्यायची, असं खजिनदाराने विचारलं, तेव्हा सरांनी उपसमिती नेमली. तीत तेच सात. नोंदणी अडलीय ती बोधचिन्हावर. सूक्ष्मदर्शक असावा की होडी, यावर समिती दुभंगली. होडीत सूक्ष्मदर्शक ठेवण्याची तडजोड पुढे आली, तर समुद्रवाल्यांनी होडी बुडेल अशी हरकत घेतली.

गणपूर्तीचं कलम सरांचं विशेष लाडकं. गणपूर्ती झाली नाही तर सभा तहकूब, आणि अर्ध्या तासाने त्याच जागी ती पुन्हा भरणार, मग गणपूर्तीची गरज नाही. सरांच्या सभा साधारणपणे या अर्ध्या तासातच रंगतात, कारण तेवढ्यात वहिनी चहा आणतात.

त्यांच्या पिशवीत आणखी एक दस्तऐवज कायम असतो. २०१५ साली हिग्ज बोसॉनच्या वस्तुमानावर एक शोधनिबंध निघाला. त्याचे लेखक ५,१५४. तेहतीस पानांपैकी नऊ पानांत विज्ञान, उरलेल्या चोवीस पानांत माणसांची आणि संस्थांची नावं. सरांनी त्या चोवीस पानांच्या कडा पिवळ्या पेनाने रंगवल्यात. “पहिली नऊ वाचलीत?” मी विचारलं. “ती भौतिकशास्त्रवाल्यांची,” सर म्हणाले. “आपण कामाची पानं बघायची.”

मध्यंतरी एका रविवारी सरांच्या सोप्यावर सभा भरली. विषय नऊ. सर कलम चारच्या पोटकलमात शिरले, तेव्हा कडेला बसलेल्या तीन तरुण संशोधकांत कुजबुज चालली होती. एकीचा विषय कुर्ल्या, दुसऱ्याचा भात, तिसरीचा पाणी. तिघांच्या संस्था वेगळ्या, आणि त्या दिवसापर्यंत तिघांनी एकमेकांची तोंडंही पाहिली नव्हती.

“पाण्याचे नमुने कुठून घेतेस?”

“मानशीच्या बाहेरून.”

“पण कोरगूट भात उभं आहे आत! आणि बांध तर कुर्ल्यांनी पोखरलाय.”

तिघं उठलीच. “सभा चालू आहे!” सर गरजले. “सर, ओहोटी लागली,” पाणीवाली म्हणाली.

आगरवाड्याच्या बाजूला शापोरा नदीकाठी खाजनं, म्हणजे बांध घातलेली खारी शेतं, आहेत. भरतीचं पाणी मानशीची लाकडी दारं दाबून बंद करतं, ओहोटीला आतलं पाणी तीच दारं ढकलून बाहेर पडतं. विषयपत्रिका काखेत मारून सरही मागोमाग गेले. पाणीवालीने एका छोट्या नळकांड्याच्या काचेवर थेंब ठेवून ते उजेडाकडे धरलं आणि निळ्या-पांढऱ्या सीमेवरचा क्षारतेचा आकडा वाचला. सरांचं तिकडे लक्षच नव्हतं. ते लेंगा गुडघ्यापर्यंत खोचून चिखलात बसले होते आणि कोपरापर्यंत हात एका बिळात घातला होता. “हे बीळ आत कुठे उघडतं ते कोणी पाहिलंय का?” त्यांनी विचारलं. कोणी पाहिलं नव्हतं. तिथून पुढे पोटकलमांची आठवण सरांसकट कोणालाच झाली नाही.

त्या सभेचं इतिवृत्त सरांनी चोख लिहिलंय. विषय १ ते ८: वेळेअभावी पुढील सभेत. विषय ९, आयत्या वेळचे विषय: बांधातील बिळे. तेव्हापासून ती तिघं अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला ठराव न करताच येतात. बाटल्या सरांच्या फ्रिजमध्ये राहतात, म्हणून वहिनींनी दही वरच्या कप्प्यात हलवलंय. आदल्या रात्री तिघांनाही फोन करतात ते सरच. कोणाची परीक्षा कधी, कोणाचा साहेब दौऱ्यावर कधी, कोणाला स्कूटरवर घ्यायचं, हे सगळं त्यांना तोंडपाठ. गोव्यात संशोधक पुष्कळ असतील, पण एकाचा नंबर दुसऱ्याला देणारा माणूस सध्या एवढाच.

संघटनेची नोंदणी अजून व्हायचीय. पुढच्या सभेची सूचना कालच आली. पहिले आठ विषय जुनेच. खाली सरांनी स्वतःच्या हाताने टीप घातलीय: “सभा ओहोटीच्या वेळेनुसार सुरू होईल. गणपूर्तीअभावी सभा तहकूब करता येते, ओहोटी नाही.”