चार्जर एकटा मिळत नाही

सांताक्रूझच्या वेधशाळेने 26 जुलै 2005 च्या प्रलयात 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस मोजला होता. आमच्या ड्रिलच्या चार्जरला यंदा खिडकीतून आलेले चार शिंतोडेच पुरले. ड्रिल ठणठणीत, बॅटऱ्या ठणठणीत, त्यांना वीज पाजणारा तेवढा गेला. "दाजी, एवढंच ना? स्टेशनजवळ मिळेल," म्हणत मेव्हण्याने ड्रिल पिशवीत घातलं.

स्टेशनजवळचा हार्डवेअरवाला म्हणाला, "अकेला चार्जर नहीं आता, अंकल. पूरा सेट ले लो." सेट म्हणजे नवं ड्रिल, दोन बॅटऱ्या आणि प्लॅस्टिकची पेटी. तसली एक पेटी आमच्याकडे आहेच. तिच्यात सध्या हिची लोकर असते.

पलीकडच्या दुकानात निदान "कितने वोल्ट का?" एवढं तरी विचारलं. आता पंचाईत अशी, की बॅटरीवर 21 लिहिलेलं, ड्रिलवर 20 आणि माहितीपत्रकात 18. मेव्हणा बी.एस्सी. झालेला. भर दुकानात तो शिकवायला लागला : आत लिथियमचे पाच सेल एकापुढे एक जोडलेले. प्रत्येकाचे सरासरी 3.6 व्होल्ट धरले की 18, पूर्ण भरल्यावर 4.2 धरले की 21, आणि 20 हा जाहिरातवाल्यांना आवडलेला गोल आकडा. उपवर मुलाचं वय दाखल्यात एक, पत्रिकेत दुसरं आणि बायोडेटात तिसरं असावं, त्यातला प्रकार. मुलगा तोच! काही स्वस्त ड्रिलांवर तर बिनदिक्कत 48 छापतात. उघडलं की आत तेच पाच सेल.

दुकानदाराने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "लॅमिंग्टन रोड जाओ."

धीम्या लोकलने ग्रँट रोड. पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग, तोंडात लॅमिंग्टन. इथे एकाने 24 व्होल्टचा अॅडॅप्टर पुढे केला. "थोडा ज़्यादा है तो क्या, जल्दी भरेगा!" मेव्हण्याने तोंडी पाचाने भागलं. "सेलमागे 4.8! दाजी, लिथियमला 4.2 च्या वर ढोसलं की तो फुगतो, पेटतोसुद्धा." 'पेटतो' जरा मोठ्याने निघालं. शेजारचं गिऱ्हाईक घेतलेली वस्तू परत ठेवून चालतं झालं, आणि आम्हालाही जावं लागलं.

मग मरीन लाइन्सला उतरून लोहार चाळ. तिथे दिव्यांची नुसती दिवाळी, पण आमच्या कामाचं काही नाही. "नागदेवी में देखो." नागदेवी स्ट्रीटवर हातगाडीला वाट देत एका अरुंद गाळ्यात शिरलो. आतल्या म्हाताऱ्या शेटजींनी ब्रँड विचारला नाही, व्होल्टही विचारले नाहीत. बॅटरी उलटी केली आणि धातूचे दात मोजले. दोन विजेचे, तिसरा तापमानाचा. बॅटरी तापली की चार्जरने हात आखडता घ्यायचा तो त्याच्या सांगण्यावरून. मग ड्रॉवर उपसून एक चार्जर काढला, त्यावर मल्टिमीटर लावला, आकडा पाहून मान हलवली आणि बॅटरी सरकवली. लाल दिवा लागला. मेव्हण्याने भाव पाडायला तोंड उघडलं, तर शेटजी चार्जर पुन्हा ड्रॉवरकडे न्यायला लागले. मी घाईने पैसे काढले.

परतीला मस्जिदहून हार्बर पकडली. पिशवीतून ड्रिलची चोच बाहेर आलेली. शिवडीला एकाने विचारलं, "ड्रिल आहे का? पडद्याचा रॉड लावायचाय." वडाळ्याला आणखी दोघे. माहीम येईपर्यंत समोरच्या बाईंनी घरातल्या सगळ्या भिंती सांगून झाल्या होत्या. "काँक्रीटमध्ये जाईल ना हो?"

"आरामात," मेव्हणा म्हणाला आणि त्याने त्यांना माझा नंबर दिला.